एकशे सदतिसावं कार्ड

१

शनिवारी सकाळी साडेनऊला निर्मळच्या संगणक संग्रहालयात पंचेचाळीस वर्षांचा एक प्रोग्रॅम मेला. निदान सदानंद मोहोळकर तसं म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा 'मी सांगत नव्हतो?' हेच जास्त होतं.

"आटोपला कारभार," ते म्हणाले. "उद्या बारा शाळांचे मुख्याध्यापक येणार. त्यांना काय हा कोरा कागद दाखवायचा?"

कॅथरिन तुस्कानोने प्रिंटरमधून लोंबणारा कागद फाडून घेतला, उलटसुलट पाहिला. खरंच कोरा होता. मागच्या शनिवारी याच यंत्राने तिची जन्मतारीख घेऊन 'गुरुवार' असं खडखडत छापून दिलं होतं. आज त्याने कार्डं गिळली, एकदा घंटी वाजवली आणि तोंड मिटून बसलं.

संग्रहालय म्हणजे मूळची केळ्यांची वखार. आता तिथे घडांऐवजी जुने कॉम्प्युटर होते. त्यातलं कपाटाएवढं एक धूड भंगारातून आणून मर्विन लोपीसने तीन वर्षं खपून जिवंत केलं होतं. त्या धुडाला खायला लागायची पंचकार्डं. पोस्टकार्डाहून लांबट, जाड कागदाची, भोकं पाडलेली. दोनशे बारा कार्डांचा गठ्ठा ओळीने वाचला की तुम्ही कुठल्या वारी जन्मलात ते यंत्र सांगायचं. पोरं त्यावर जाम खूश. दर शनिवारी तीस पोरं यायची, हातपंचावर, म्हणजे भोकं पाडायच्या छोट्या यंत्रावर, आपापल्या नावाचं कार्ड पाडायची आणि आपला वार कळला की घरी जाऊन आजीला चिडवायची.

हा वर्ग कॅथरिन घ्यायची. वय एकाहत्तर. नवरा सेबॅस्टियन चार वर्षांपूर्वी गेला, मुलगी ॲनिशा पुण्याला. आठवड्याचे सहा दिवस ती कशीबशी ढकलायची आणि सातव्या दिवशी जगायची, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. शनिवारी ती आठच्या आधीच दारात हजर असायची. आज उद्याच्या तयारीसाठी वर्गाला सुट्टी होती, तरीही.

"कॅथरिनबाई, स्पष्टच बोलतो," सदानंद म्हणाले. ते विरारच्या फ्लॅटात राहणारे, बँकेतून निवृत्त, संग्रहालयाच्या विश्वस्तांचे अध्यक्ष. माणूस सरळ, पण टापटिपीचा रोग जडलेला. "उद्या प्रयोग फसला तर सोमवारी सुतार बोलावतो. सगळं काचेआड. पोरांनी स्क्रीनवर व्हिडिओ बघावा आणि घरी जावं. वर्ग बंद."

मर्विन यंत्राच्या पाठीमागून डोकं वर काढून म्हणाला, "आंटी, माझ्या रीडरमध्ये दोष नाहीये. दुसरी कार्डं टाकून पाहिली, मस्त वाचतोय. या गठ्ठ्यातच काहीतरी झालंय."

कॅथरिनने गठ्ठा मोजला. दोनशे बाराच्या दोनशे बारा. तिने तो ठोकून सरळ केला, उजव्या कडेवरून अंगठा वरून खाली ओढला, आणि मधेच थांबली.

"झालंय नाही मर्विन," ती म्हणाली. "कुणीतरी केलंय."

२

अंगठ्याची ही सवय एकतीस वर्षांच्या नोकरीची. फोर्टातल्या एका विमा कचेरीत कॅथरिन पडताळणीवाली होती. एक मुलगी कागद बघून कार्डं पाडायची. मग कॅथरिन तोच कागद पुढ्यात घेऊन तीच कार्डं पुन्हा बडवायची. दोघींचं अक्षर न् अक्षर जुळलं तर मशीन कार्डाच्या उजव्या कडेला एक इवलीशी खाच पाडायचं. खाच म्हणजे पास. जुळलं नाही, तर कार्ड परत आणि त्या मुलीला साहेबाची बोलणी. दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला, असं कॅथरिन स्वतःच हसून सांगायची.

पास झालेल्या कार्डांचा गठ्ठा नीट लावला की सगळ्या खाचा एका रेषेत येतात आणि कडेला पन्हळीसारखी चरी तयार होते. आज त्या चरीत एका जागी अंगठा अडला होता.

तिने ते कार्ड ओढून काढलं. एकशे सदतिसावं. खाच नाही. कागद नवा. तिने ते खिडकीकडे धरलं आणि भोकं वाचू लागली. तुम्हीआम्ही पाटी वाचतो तशी ती भोकं वाचते.

"के, एस, एच..." ती पुटपुटली. मग खुर्चीत बसली. "क्षितिजा. मागच्या शनिवारी त्या पोरीने पाडलेलं कार्ड आहे हे."

"बघा, पोरांचाच चावटपणा," सदानंद लगेच म्हणाले.

"पोरं गेल्यावर मी हा गठ्ठा शेवटचा चालवलाय. तेव्हा ठीक होता. पोरांची कार्डं तेव्हा त्या खिडकीतल्या टोपलीत पडलेली होती. म्हणजे नंतर कुणीतरी आमचं कार्ड काढलं आणि टोपलीतलं हे घातलं."

"मग आपलं कार्ड नव्याने पाडा की."

"त्यावर काय होतं मला काय ठाऊक? हा प्रोग्रॅम आमच्या कचेरीतल्या साहेबाने लिहिला, तिथल्याच रोवेनाने पाडला, मी पडताळला. अर्थ आम्हां दोघींना ठाऊक नव्हता, कुणी सांगितलाही नाही. छापील यादी होती ती वाळवीने खाल्ली." कॅथरिनने गठ्ठ्यावर हात ठेवला. "मूळ कार्ड मिळालं तर उद्याचा कार्यक्रम. नाहीतर तुमच्या काचा."

घड्याळात दहा वाजले होते. आणि आठवड्याभरात गठ्ठ्यापर्यंत पोचू शकणारी माणसं मोजकीच होती, त्यातली दोघं तिच्या समोर उभी होती.

३

आधी मर्विन. तो निर्मळचाच, गिरिजाघरामागच्या आळीतला. तिने लहानपणी त्याचं नाक पुसलेलं. तरी विचारलं.

"तुला कार्डांचा कंटाळा आलेला ना? पेनड्राइव्ह लावूया म्हणत होतास. आपलं भांडण पण झालं."

मर्विनने पान्हा खाली ठेवला. "आंटी, कार्ड बदललं तर बदनाम कोण होणार? माझा रीडर. आत्ता अर्धा तास सर माझ्याकडेच बघत होते. मी माझ्याच पायावर धोंडा पाडीन काय?" त्याला लागलं होतं ते दिसत होतं. "गुरुवारी आलो, प्रिंटरची रिबन बदलली, गेलो. गठ्ठा शेल्फवर होता. तुम्ही केळीच्या सोपटाने बांधून ठेवलेला तसाच."

"मी सोपटाने नाही बांधला. मी रबर लावलेलं."

"मला वाटलं तुम्हीच. आज सकाळी सोडलात की तुम्ही."

सोडला होता खरा. आणि सोडताना तिला वाटलं होतं की मर्विननेच बांधला असेल. दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि सोपट पायाखाली गेलं. तिने वाकून ते उचललं. केळीच्या खोडाची सुकवलेली पट्टी, ओली करून मऊ केलेली, सरकगाठ मारलेली.

तेवढ्यात व्हिव्हियन डिमेलो आला. तिनेच फोन करून बोलावलं होतं. आगाशीचा हा गृहस्थ आखातातून परतल्यापासून जुनी यंत्रं जमवायचा, आणि हा गठ्ठा विकत द्या म्हणून दोनदा मागे लागला होता. बुधवारी सदानंदांनी त्याला हॉल दाखवलेला.

"मी चोर वाटलो तुम्हाला?" तो स्कूटरची चावी फिरवत म्हणाला. रागावला नाही, उलट त्याला मजाच वाटली. "आंटी, मी घेतला असता तर अख्खा गठ्ठा घेतला असता. एक कार्ड घेऊन काय, देव्हाऱ्यात ठेवू? आणि खाच नसलेलं कार्ड मी मधे घालीन? तुमच्या पहिल्या वर्गाला पुढच्या बाकावर बसलेलो मी."

"बुधवारी गठ्ठा कशाने बांधलेला होता?"

"सोपटाने. मला छान वाटलं, गावठी थाट." मग तो जरा थांबला. "पण एक विचारू? तुमची कार्डं एवढी कडक कशी राहतात? माझी बंद कपाटात आहेत तरी पापडासारखी वाकलीत. वसईची हवा ही. तुम्ही काय करता त्यांना?"

"काहीच नाही," कॅथरिन म्हणाली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती खरंच काही करत नव्हती.

मग कोण करत होतं?

४

उरले सदानंद. प्रयोग फसला तर त्यांचंच म्हणणं खरं ठरणार होतं. कॅथरिन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "सर, तुम्ही केलंत काय?"

सदानंदांचे कान लाल झाले. "कॅथरिनबाई, छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. मला काचा हव्यात, हे मी तोंडावर सांगतो. त्यासाठी लबाडी करणार नाही." त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि बोट ठेवून वाचलं. "हे तुमच्याच वर्गात लिहून घेतलंय. 'हरेक कार्ड वेगळं. एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही.' मला हे माहीत असताना मी पोरीच्या नावाचं कार्ड घालीन? यंत्र बंदच पाडायचं असतं तर पुढची मागची दोन कार्डं उलटी लावली असती, कुणाच्या बापाला कळलं नसतं."

कॅथरिन त्या वहीकडे बघत राहिली. तिचं वर्गातलं पहिलं वाक्य. दर शनिवारी तेच.

ती परत खिडकीशी जाऊन बसली आणि मनातल्या मनात पडताळणी करू लागली. ज्याने कार्ड बदललं त्याने दोनशे बाराचा आकडा बिघडू दिला नाही. नवं कार्ड घालताना त्याचा कापलेला कोपरा बाकीच्या कोपऱ्यांशी बरोबर जुळवला. सैल रबर काढून गठ्ठा नीट बांधला. हे काही वैऱ्याचं काम नव्हे. हे मन लावून काम करणाऱ्याचं काम. आणि एवढं सगळं नीट करणाऱ्या माणसाला एकच गोष्ट ठाऊक नव्हती, की कार्डाला कार्ड चालत नाही.

मर्विनला ते ठाऊक होतं. व्हिव्हियनला होतं. सदानंदांनी तर लिहून घेतलेलं. दुसरी-तिसरीतल्या पोरांनाही पाठ होतं. या इमारतीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ते वाक्य ऐकलं होतं.

प्रत्येकाने?  दर शनिवारी ते वाक्य ती बोलायची तेव्हा एक बाई या हॉलमध्ये कधीच नसायची. दोन वर्षांत एकदाही नव्हती.

ती उठली आणि मागच्या स्वयंपाकखोलीकडे निघाली.

५

क्लारा उद्यासाठी तीस पेले विसळून पालथे घालत होती. पन्नाशीची, आगाशीकडच्या वाडीतली. हॉल उघडायची, झाडायची, धूळ पुसायची, आणि वर्ग चालू असताना सगळ्यांचा चहा करायची.

"क्लारा," कॅथरिन म्हणाली, "त्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड तू बदललंस का गं?"

"व्हय बाय," क्लारा सहज म्हणाली. "फाटलेलं ना एक. रविवारी फिरवायला काढली तर तुमचं ते रबर वितळून चिकटलेलं. ओढलं तर पान टरकलं. मग दुसरं चांगलं लावलं."

"फिरवायला म्हणजे?"

"पानं नाय का फिरवत? माहेरी आमचा पानमळा होता, विड्याच्या पानांचा. गड्डी बांधून ठेवली की दर दोन दिसांनी सोडायची, वारा द्यायचा, खालची वर करायची. नाय फिरवली तर सडतात. ही कार्डं पण दमट व्हायची. मी दर रविवारी फिरवते. दुसऱ्याची वस्तू, म्हणून रांग मोडत नाय, होती तशीच परत लावते. एरवी तुमचंच रबर परत लावायची, या खेपेला सोपट लावलं, ते चिकटत नाय." ती हात पुसत म्हणाली. "आणि गड्डीत एक पान फाटकं निघालं तर तिथं चांगलं लावायचं. शंभर म्हणजे शंभर. गिऱ्हाइकाला कमी जाता कामा नाय. बाबा मारायचा त्यावरून."

दारात सदानंद येऊन उभे होते. त्यांना पाहून क्लाराने कॅथरिनचा चेहरा नीट पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं. हातातला पेला तिने हळूच खाली ठेवला.

"माझ्यामुळं मशीन बंद पडलं काय? मी सगळी पानं सारखीच समजले, बाय. बारीक भोकं तर सगळ्यांनाच." तिचे डोळे भरले. "कामावरून काढणार काय मला?"

"हेच मी म्हणत होतो," सदानंद म्हणाले, पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला नाही. "हात लागला की नुकसान. यात हिचा दोष नाही, पद्धतीचा आहे. काचेआड असतं तर—"

"सर, तुमच्या काचेच्या कपाटात पण एक गठ्ठा आहे ना? चावी द्या."

सदानंद चावी घेऊन हॉलमधल्या कपाटाकडे निघाले, मागोमाग सगळे. काचेमागचा गठ्ठा लांबून झकास दिसायचा. त्यांनी तो बाहेर काढला आणि वरचं कार्ड उचलायला गेले, तर त्याच्याबरोबर सातआठ कार्डं एकमेकांना चिकटून वर आली. मधे पांढरी बुरशी. कार्डं फुगून वेडीवाकडी झाली होती. सदानंदांनी बुरशी बोटाने पुसून पाहिली.

"ती मला फिरवायला मिळत नाय," क्लारा मागून हळू म्हणाली. "कुलूप असतं."

व्हिव्हियनने शीळ घातली. मर्विन म्हणाला, "सर, दोन वर्षांत रीडरमध्ये एक कार्ड अडकलेलं नाही. मी ते माझं कौतुक समजत होतो."

कॅथरिनला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या मी. आगाशीपासून जूचंद्रपर्यंतच्या पोरांना बोलावून शिकवलं. आणि दहा पावलांवर ही बाई चहा करत होती, तिला कधी म्हटलं नाही की ये, बस. कचेरीत आम्हाला तसंच वागवायचे. काम करा, अर्थ विचारू नका. मला त्याचा एवढा राग होता, आणि मी हिच्याशी तेच केलं."

 मग कॅथरिनने विचारलं, "क्लारा, ते फाटकं कार्ड टाकलंस का गं?"

"टाकते कशाला? फाटकं पान घरच्यांनी खायचं असतं. हे खाता येत नाय, म्हणून ठेवलं." ती सगळ्यांना स्वयंपाकखोलीत घेऊन गेली आणि तिने साखरेचा डबा उचलला. त्याखाली दोन तुकड्यांचं एक कार्ड होतं. भोकं सगळी शाबूत.

६

फाटकं कार्ड रीडर वाचणार नव्हता. त्याची नक्कल पाडायला हवी होती. मर्विनने हातपंच पुढे ओढला आणि खुर्ची कॅथरिनकडे सरकवली. कॅथरिनने ती क्लाराकडे सरकवली.

"मी?" क्लारा म्हणाली. "मला नाय येत."

"नाव पाडायला सात वर्षांच्या पोरांना येतं. मी भोकं सांगते, तू दाब. आणि सांगताना हेही सांगते की कुठलं भोक म्हणजे कुठलं अक्षर."

पहिलं कार्ड बिघडलं. दुसरं शेवटच्या चार भोकांवर बिघडलं. सदानंदांनी तिसरं कोरं कार्ड स्वतः हातात आणून दिलं आणि पंख्याचा वारा लागू नये म्हणून आडवे उभे राहिले. तिसरं पूर्ण झालं. कॅथरिनने नवं कार्ड जुन्या तुकड्यांवर ठेवून खिडकीला लावलं. जिथे जिथे भोक होतं तिथून ऊन आरपार येत होतं, आणि जिथे नव्हतं तिथून मुळीच येत नव्हतं. एकतीस वर्षांत कुणाचं काम पास करताना तिला इतका आनंद झाला नव्हता.

मर्विनने गठ्ठा रीडरमध्ये ठेवला. कार्डं फडफडत आत गेली. घंटी वाजली नाही. यंत्र जरा वेळ गुरगुरलं, आणि मग प्रिंटर जो काही बडबडायला लागला, तो व्हिव्हियनची, मर्विनची, सदानंदांची जन्मतारीख संपेपर्यंत थांबला नाही.

रविवारी बारा शाळांचे मुख्याध्यापक आले, आणि आपापला वार छापून घेण्यासाठी त्या शहाण्यासुरत्या माणसांनी रांगेत ढकलाढकली केली. जूचंद्रच्या मीरा पाटीलबाईंनी सदानंदांना विचारलं, "मुलांना हात लावू देता या सगळ्याला? काच वगैरे नाही?"

"काच होती," सदानंद म्हणाले. "आत बुरशी आली. हाताळलेलं टिकतं, असा आमचा अनुभव आहे." बारापैकी अकरा शाळांनी वर्षभराचे शनिवार तिथल्या तिथे लिहून दिले. बारावे म्हणाले, विचार करून कळवतो, आणि सोमवारी सकाळी त्यांचाही फोन आला.

पुढच्या शनिवारी वर्ग भरला तेव्हा तीस पोरांच्या मागे, शेवटच्या बाकावर, क्लारा बसली होती. धुतलेली साडी, मांडीवर कोरी वही. स्वयंपाकखोलीतून भांडी आपटल्याचे आवाज येत होते, कारण चहा सदानंद करत होते आणि त्यांना गाळणं सापडत नव्हतं.

"हरेक कार्ड वेगळं," कॅथरिनने सुरुवात केली. "एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही. आणि त्यांचा क्रमही बदलून चालत नाही. गठ्ठा हातातून पडला की कल्याण."

मागून हात वर झाला.

"बाय, एक विचारू? क्रम एवढा महत्त्वाचा, तर कार्डाचा नंबर कार्डावरच का नाय पाडत? म्हणजे पडला तरी लावता येईल, नि एखादं गेलं तर कुठलं गेलं ते पण कळेल. पानं मुकी असतात. कार्डं तर बोलतात ना?"

कॅथरिनने हातातला खडू खाली ठेवला. प्रत्येक कार्डाच्या शेवटी आठ जागा नेमक्या त्यासाठीच राखून ठेवलेल्या असत. त्या काळी घाई होती, साहेब म्हणाला राहू द्या, आणि रोवेनाने अन् तिने राहू दिल्या. पंचेचाळीस वर्षं त्या जागा कोऱ्या होत्या. शेकडो पोरांनी, मास्तरांनी, इंजिनिअरांनी हा गठ्ठा हाताळला, पण कुणालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"पुढे ये," ती म्हणाली. "ऐका रे मुलांनो, आजचा धडा बदलला. दोनशे बारा कार्डं आहेत, प्रत्येकावर नंबर पाडायचाय. क्लारामावशी सांगेल तसं करायचं."

पोरांनी हातपंचाभोवती गर्दी केली. क्लाराने साडीचा पदर खोचला, पहिलं कार्ड घेतलं, उजेडात धरून नीट पाहिलं आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, "हात कोरडे कर आधी."